वीस किलोची होडी आणि आम्ही सहा जण: अल्गॉन्क्विनसाठी भाड्याने घेतलेल्या कॅनूबद्दल

गेल्या सप्टेंबरात आम्ही सहा जण कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कच्या जंगलात दोन रात्री तंबूत राहून आलो. तेव्हापासून टोरांटोकडच्या ओळखीच्या निदान चार घरांतून एकच प्रश्न आला: सामान कुठून घेतलंत आणि पैसे वसूल झाले का? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी निकाल सांगते. केव्हलर या मजबूत कृत्रिम धाग्याच्या हलक्या कॅनूला मोजलेला प्रत्येक डॉलर वसूल झाला. दुकानातल्या माणसाने फोनवर दिलेला पाऊण तास त्याहून मोलाचा होता, आणि त्याचे त्याने काहीही पैसे घेतले नाहीत. खाणं ठेवायचा पिंप मात्र यापुढे मी उघडून, उचलून बघितल्याशिवाय ताब्यात घेणार नाही. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पार्कच्या आसपास कॅनू भाड्याने देणारे बरेच आहेत आणि खाली लिहिलंय ते कुठल्याही दुकानात विचारून घेण्यासारखं आहे.

मंडळी अशी: मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी, धाकटे दीर, जाऊबाई आणि दिरांचा ऑफिसातला एक मित्र. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलेय, होडीत बसायची भीती मला कधी वाटली नाही. जाऊबाई नागपूरच्या, त्यांना पोहता येत नाही. मित्राची कंबर दोन वर्षांपूर्वी धरली होती. हे सगळं मी इतकं उघड लिहितेय कारण ट्रिपचा आराखडा शेवटी यावरूनच ठरला.

दिरांच्या डोक्यात मोठा बेत होता. कॅनू लेकवरून निघायचं, जो लेक, टॉम थॉमसन लेक, तिथून सनबीम, बर्न्ट आयलंड असा फेरा मारून परत यायचं, रोज नव्या तळ्यावर मुक्काम. तोही जूनमध्ये. "वहिनी, तीन दिवसांत आरामात होतं," म्हणाले. एप्रिलमध्ये आम्ही जेवणाच्या टेबलावर फ्रेंड्स ऑफ अल्गॉन्क्विन पार्क या संस्थेचा कॅनू-मार्गांचा मोठा नकाशा पसरला आणि दुकानाला फोन लावला. पलीकडे त्या माणसानेही तोच नकाशा समोर घेतला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: तुमच्यात सगळ्यांत हळू चालणारं कोण? आणि दुसरा: सगळं सामान एका खेपेत उचलाल की दोन?

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व आम्हाला कळत नव्हतं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मध्ये जमिनीवरून वाट असते, तिला पोर्टेज म्हणतात. तिथे होडी आणि सामान खांद्यावर घेऊन चालायचं. नकाशावर प्रत्येक पोर्टेजची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. पण सामान दोन खेपांत न्यायचं तर तुम्ही एकदा भरल्या हातांनी जाता, रिकामे परत येता आणि पुन्हा भरल्या हातांनी जाता. म्हणजे ती वाट तिप्पट होते. कॅनू लेक ते जो लेकचं पोर्टेज २९५ मीटरचं. आमच्यासारख्यांसाठी ते ८८५ मीटर. त्याने शांतपणे दिरांच्या फेऱ्यातली सगळी पोर्टेज अशी तीनने गुणून दाखवली, तेव्हा टेबलावर कुणी काही बोललं नाही.

मग त्यानेच सुचवलं: एकच पोर्टेज करा, जो लेकवरून टीपी, लिटल डो असं वर सरकत टॉम थॉमसन लेकवर जा, दोन्ही रात्री तिथेच राहा आणि मधला दिवस रिकाम्या होड्या घेऊन हिंडा. जूनचं म्हणाल तर काळ्या माशा चावून जीव नकोसा करतील, सप्टेंबरात या. या सल्ल्यात त्याचं नुकसानच होतं. फेरा केला असता तर आम्ही तीन दिवसांऐवजी चार दिवस सामान घेतलं असतं. म्हणून या भागाला मी पैकीच्या पैकी गुण देते.

बुकिंग पार्कच्या साइटवर करायचं. मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता ते उघडतं. बॅककंट्रीत, म्हणजे गाडी जात नाही अशा आतल्या जंगलात, एका जागेवर ९ माणसांपेक्षा जास्त चालत नाहीत, तेव्हा तीन-चार कुटुंबं मिळून जायचा बेत असेल तर आधीच दोन गट पाडा. आणि आरक्षण तळ्याचं होतं, त्यावरच्या ठरावीक जागेचं नाही. काठावर झाडांना नारिंगी पाट्या लावलेल्या असतात, त्यातली जी जागा मोकळी दिसेल ती तुमची. म्हणून शनिवारऐवजी शुक्रवारी पोचा. आम्ही शुक्रवारी दुपारी दोनला पोचलो आणि सपाट खडकाचा उतार थेट पाण्यात जाणारी जागा मिळाली.

आता कॅनू. दुकानाने तिन्ही कॅनू कॅनू लेकच्या काठावर आणून दिल्या, वेळेवर. सतरा फुटी, केव्हलरची, एकीचं वजन साधारण २० किलो. तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची ३० किलोच्या वर जाते आणि भाडं कमी पडतं. नवरा म्हणत होता, एकच तर पोर्टेज आहे, कशाला जास्त पैसे? मी अडून बसले आणि ते बरं झालं.

कॅनूच्या मधोमध एक आडवी लाकडी फळी असते, मानेसाठी अर्धगोल कापलेली. तिला ते योक म्हणतात, म्हणजे आपलं जू. होडी आधी मांड्यांवर घ्यायची, मग एका हिसक्यात उलटी करून डोक्यावरून खांद्यांवर उतरवायची. जू मानेमागे बसलं की तोल आपोआप सापडतो. जो लेकच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "आई, मला एकटीला नेऊ दे." मी मागे मागे चालले. केव्हलरचा पत्रा मधाच्या रंगाचा असतो आणि त्यातून उजेड आत येतो. उलट्या होडीच्या आत तिचं डोकं, खांदे, दोन्ही हात त्या पिवळ्या उजेडात दिसत होते आणि वरून पानांच्या सावल्या सरकत होत्या. तिला समोरची चार पावलं तेवढी दिसत होती. पलीकडच्या पाण्याशी पोचून तिने होडी खाली घेतली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसती उभी राहिली. ३० किलोची होडी असती तर हे मी तिला करू दिलं नसतं.

या कॅनूला जपावं मात्र लागतं. खडकाळ काठावर ती ओढत न्यायची नाही. गुडघाभर पाण्यात असतानाच उतरायचं, सामान काढायचं आणि मग रिकामी होडी उचलून ठेवायची. म्हणजे पाय ओले होणारच. पाण्यासाठी जुने बूट न्या, सुके मोजे वेगळे ठेवा. परत करताना दुकानवाल्याने तळावरचे ओरखडे बघितले, हात फिरवला आणि ठीक आहे म्हणाला. भोक पडलं तर मात्र खर्च तुमच्या कार्डावर, हे सही घेतानाच सांगितलं होतं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला अंगावर घालून, पट्टे ओढून दिलं. प्रत्येक होडीत पाणी उपसायचं भांडं, शिटी आणि १५ मीटरची तरंगणारी दोरी होती. कायद्याने ती लागतेच, पण त्यांनी ती वापरायची कशी हेही दाखवलं. जाऊबाईंना मधे न बसवता पुढे बसवलं, हातात वल्हं दिलं, मागे दीर. हातात काम असलं की भीती कमी होते, हा सल्लाही दुकानाचाच. कॅनू लेकच्या वरच्या टोकाला टॉम थॉमसनचं स्मारक आहे. या जंगलाची चित्रं काढणारा, कॅनूत रमणारा हा माणूस जुलै १९१७ मध्ये याच तळ्यात गेला. ८ जुलैला बेपत्ता झाला आणि १६ तारखेला त्याचा देह सापडला. मी मुलीला हे सांगत होते तेव्हा पाणी आरशासारखं होतं. जाऊबाईंनी न बोलता जॅकेटचा वरचा पट्टा आणखी ओढून घेतला. मग आम्ही सगळ्यांनीच.

तक्रार आहे ती पिंपाची. जंगलात खाणं ठेवायला ६० लिटरचा निळा प्लॅस्टिकचा पिंप देतात, झाकणाला धातूचं कडं. तो पाठीवर घ्यायला पट्ट्यांचा हार्नेस लागतो. पॅकेजच्या यादीत हार्नेस लिहिलेला होता, पिंपासोबत आलाच नव्हता. आमच्या लक्षात आलं ते पोर्टेजवर. भरलेला पिंप दोन बाजूंनी दोघांनी धरून न्यायचा म्हणजे बोटं कापतात आणि पाय एकमेकांत अडकतात. कंबर पुन्हा धरायची भीती असूनही मित्राने एक टोक उचललं, मला बघवेना. २९५ मीटरमध्ये तीनदा टेकवला. परतल्यावर दुकानाने माफी मागितली आणि पिंपाचं पूर्ण भाडं परत केलं. त्यांचा प्रामाणिकपणा मान्य. पण एखाद्या किलोमीटरभर लांब पोर्टेजवर हेच झालं असतं तर ट्रिप तिथेच संपली असती. तेव्हा काठावर सामान मोजून घ्या: हार्नेस, झाकणाचा रबर, कडं घट्ट बसतंय का. आणि पिंप म्हणजे अस्वलापुढे अभेद्य किल्ला नव्हे. आम्ही खाणं रात्री दोरीने टांगलं, जमिनीपासून चार मीटर वर आणि बुंध्यापासून दोनेक मीटर लांब. योग्य फांदी उजेडातच शोधून ठेवा. अंधारात ती सापडत नाही.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना एक गोष्ट आधी कळायला हवी. बॅककंट्रीत डबाबंद पदार्थांचे डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे. इंधन, औषधं, कीटकांचा स्प्रे चालतो. जाऊबाईंनी लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीतून प्लॅस्टिकच्या फिरकीच्या डबीत भरलं. पहिल्या रात्रीसाठी मी सुकं मटण गोठवून जाड पिशवीत नेलं होतं, संध्याकाळपर्यंत ते बरोबर सुटलं. पुढे मुगाची खिचडी, भाजणीची थालीपीठं, मेतकूट-भात. ओल्या नारळाची चटणी नेऊ नका, टिकत नाही. सहा माणसांना एक शेगडी पुरत नाही, दोन घ्या. मी एकच घेतली आणि सकाळचा चहा तीन हप्त्यांत झाला.

शौचालयाबद्दल कुणी स्पष्ट विचारत नाही म्हणून सांगते. जागेच्या मागे झाडीत झाकणाची लाकडी पेटी असते, भिंती नाहीत, छप्पर नाही. जाऊबाई पहिल्या दिवशी माझा हात धरून आल्या, दुसऱ्या दिवशी एकट्या गेल्या.

मोबाइलला रेंज नाही. दुकानातून सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र घेतलं होतं, रोज संध्याकाळी पुण्याला आईला "सुखरूप" एवढाच निरोप जायचा. हे भाडं वाचवू नका.

शनिवारी रात्री लून पक्षी ओरडला. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर असतो तोच. एकाने तळ्याच्या त्या टोकाकडून लांब हाक दिली आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्याने आमच्या अगदी जवळून उत्तर दिलं. तंबूत सगळे जागे होते हे मला श्वासांवरून कळत होतं. कुणी बोललं नाही.

रविवारी कॅनू लेकवर समोरून वारा आला. सकाळी आठला निघालो होतो म्हणून निभावलं. दुपारी निघालेल्यांना आम्ही काठाला चिकटून थांबलेलं पाहिलं. होडीचं पुढचं टोक हलकं राहिलं की वारा ते फिरवतो, म्हणून पाण्याच्या पिशव्या पुढे सरकवल्या आणि काठाकाठाने आलो.

यंदाचं बुकिंग झालंय. सप्टेंबरातच, पुन्हा दोन रात्री, पण एकाऐवजी दोन पोर्टेज. जाऊबाई जानेवारीपासून कम्युनिटी सेंटरच्या तलावात पोहायला शिकतायत. हार्नेस मी स्वतःचा विकत घेतलाय. कॅनू त्याच दुकानातून घेणार आहोत.