ट्रेलरच्या लाईट लागत नाहीत: टेस्ट लॅम्प घ्यावा, मल्टीमीटर की प्लगवाला टेस्टर?

ट्रकला ट्रेलर जोडला, प्लग बसवला, आणि मागे सगळा अंधार. मग बरेच जण आधी बल्ब काढून बघतात, मग फ्यूज, मग सगळी वायरिंगच खोलत बसतात, पण मुळात बिघाड ट्रकात आहे की ट्रेलरमध्ये हे ठरल्याशिवाय काही खोलूच नये. ते ठरवायला बाजारात तीन वस्तू मिळतात आणि तिन्हींचं काम एकच असं वाटतं, तसं नाहीये.

एकच घ्यायची असेल तर मी टेस्ट लॅम्प म्हणेन, म्हणजे एका बाजूला क्लिपची वायर आणि दुसऱ्या बाजूला अणकुचीदार टोक असलेला छोटा दिवा, तोही साध्या फिलामेंट बल्बचा. क्लिप चेसिसच्या चांगल्या जागी, रंग खरवडून लावायची, टेल, इंडिकेटर, ब्रेक एकेक करून चालू करायचं आणि टोक ट्रकच्या सॉकेटमधल्या त्या त्या पिनला टेकवायचं. बल्ब झगझगीत पेटला तर ट्रकची बाजू बहुतेक ठीक, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा तुटकी वायर. मग तीच क्लिप चेसिसवरून काढून सॉकेटच्या अर्थ पिनवर (करंट परत बॅटरीच्या मायनसकडे जायची वाट) लावायची आणि परत बघायचं, आता बल्ब विझला तर अर्थच गेलाय. ही दुसरी पायरी बहुतेक लोक करतच नाहीत आणि तिथेच गाडी अडते. ब्रेक दाबला की इंडिकेटरच मिणमिणतात असे भुताटकीचे प्रकार होत असतील तर बाकी काही बघू नका, आधी अर्थ बघा.

आता मल्टीमीटर. लोकांना वाटतं आकडा दिसतो म्हणजे हा जास्त भरवशाचा, पण नुसतं व्होल्टेज बघितलं तर मीटर साफ फसवतो. कारण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही, वायरचा गंजलेला एकच धागा शिल्लक असला तरी तो आरामात 12 दाखवणार, आणि 21 वॅटच्या बल्बला 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, तेवढे त्या गंजलेल्या धाग्यातून नीट येत नाहीत. मग माणूस डोकं खाजवत बसतो की व्होल्टेज तर येतंय मग लाईट का नाही. मीटरचा खरा उपयोग लाईट चालू ठेवून करायचा. काळी वायर ट्रकच्या बॅटरीच्या मायनसला आणि लाल वायर ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थला, आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची वाट लागलीय. एवढं नेमकं टेस्ट लॅम्प सांगू शकत नाही. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) प्लगला किंवा डेटाच्या तारांना तर टेस्ट लॅम्प लावूच नका, तिथे मीटरच.

ट्रेलर वेगळा तपासायचा असेल तर बॅटरीवरून फ्यूज घालून एकेका पिनला सप्लाय देता येतो, अर्थ पिनला मायनस लावायला विसरू नका नाहीतर चांगला दिवाही मेलेला वाटेल. आणि पिन मोजताना सांभाळून, 12 व्होल्टच्या आयएसओ 1724 (हा सॉकेटच्या मानकाचा नंबर) सात पिनी सॉकेटमध्ये अर्थ 3 नंबरला असतो आणि 24 व्होल्टच्या आयएसओ 1185 मध्ये 1 नंबरला, एकाची आकृती बघून दुसरं तपासलं की सगळंच बिघडलेलं दिसतं 😅

राहिला प्लगवाला एलईडी टेस्टर. वापरायला सगळ्यात सोपा, सॉकेटमध्ये खोचला की लेफ्ट, राईट, टेल, ब्रेक सगळं एका नजरेत. पण त्याच्या एलईडीला मिलिअँपिअरमध्येच करंट पुरतो, म्हणजे मीटरसारखाच तोही कुजक्या वायरला पास करून टाकतो. शिवाय काही नव्या ट्रकांत कंट्रोल युनिट, म्हणजे ट्रकमधला छोटा कॉम्प्युटर, बल्ब शाबूत आहे का बघायला करंटचे बारीक झटके (पल्स) सोडतं, त्याने टेस्टरचा एलईडी उगाच फडफडतो आणि नसलेला फॉल्ट आहे असं वाटतं. ज्यांना एकाच ट्रकला रोज वेगवेगळे ट्रेलर जोडावे लागतात त्यांनी जरूर घ्यावा, निघायच्या आधी नजर टाकायला बरा पडतो. फक्त आपल्या ट्रकचं व्होल्टेज आणि सॉकेटचा प्रकार बघून घ्या, 12 चा टेस्टर 24 ला लावला तर पहिल्याच दिवशी जळायचा.