बायपासनंतरचे रिहॅब: गोमेकॉ, खासगी इस्पितळ की घर?

डिस्चार्जच्या कागदावर शेवटी एक ओळ असते: 'रोज चालावे.' किती चालायचे, कुठल्या वेगाने, चढावर धाप लागली तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. कार्डियाक रिहॅबमध्ये ते शिकवतात. साधारण १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, जोडीला आहार, गोळ्यांची शिस्त, तंबाखू सोडवणे आणि मनातली धास्ती घालवणे. अमेरिकेत ३६ सत्रांचा शिरस्ता आहे. आपल्याकडे इतके पद्धतशीर काम मोजक्याच ठिकाणी चालते, त्यामुळे गोव्यात बसल्या बसल्या निवड करायची ती तीन वाटांतून.

बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजची, जमेची बाजू म्हणजे हृदयविभाग, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी एकाच आवारात. व्यायाम करताना काही बिनसले तर धावपळ नाही, खर्चाचा बोजाही फारसा नाही. अडचण अंतराची. वाळपई किंवा काणकोणहून आठवड्यातून तीनदा बस बदलत यायचे, वर ओपीडीची गर्दी. नुकती छाती उघडलेल्या माणसाला ते कसे झेपणार? सोबत येणाऱ्याचीही रोजी बुडते.

खासगी इस्पितळात वेळ ठरवून मिळते. पण तिथे जरा खोदून विचारा, कारण फिजिओच्या खोलीतल्या ट्रेडमिललाही 'रिहॅब' म्हणायची पद्धत आहे. सुरुवातीला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी किंवा टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासणे) घेता का? चालताना ईसीजी दिसतो का? खोलीत डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, आहे का, आणि तो वापरता येणारा माणूस? आहारतज्ज्ञ पेज, खारे मासे, लोणचे यांतल्या मिठावर बोलतो, की छापील ओट्सचा तक्ता देतो? पैशाचे म्हणाल तर बहुतेक मेडिक्लेम ओपीडीचा खर्च देत नाहीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या पॅकेजात ही सत्रे धरली आहेत का, तेही घरी सोडण्याआधीच विचारून घ्यावे.

तिसरी वाट घरची. मिरामारला किंवा गावच्या सपाट रस्त्यावर, सकाळी उकाडा वाढण्याआधी चालायचे. इथे लोक नाडी मोजणाऱ्या घड्याळाच्या नादी लागतात. नाडी जास्तीत जास्त किती चढावी याचे २२० वजा वय हे गणित मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असताना कामाचे नाही, कारण ती नाडी चढूच देत नाही. त्यापेक्षा चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते का, ते पाहावे. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबायचे; थांबूनही दुखणे जात नसेल तर १०८.

'योग केला की पुरे' म्हणणारेही भेटतील. भारतात २४ केंद्रांत ३,९५९ हार्ट अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या 'योग-केअर' चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली, नेहमीच्या कामांकडे ते अधिक परतले. मात्र मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येणे घटते, हे ठामपणे सिद्ध झाले नाही. करावा जरूर, गोळ्या बंद करून नव्हे.

माझे मत विचाराल तर हृदयाचे पंपिंग, म्हणजे ईएफ, ४० टक्क्यांच्या खाली असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर त्रास सोसूनही सुरुवातीचे आठवडे इस्पितळातच. बाकीच्यांनी चाचणी आणि व्यायामाची लेखी मात्रा तिथून घ्यावी, रोजचे चालणे घरी करावे आणि महिन्याने पुन्हा दाखवावे. बायपासवाल्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नारळाची पिशवी उचलू नये, छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात.