सीलबंद पेटीत निघाली पुन्हा भरलेली काडतुसं

बारा बोरच्या काडतुसांची पेटी विकत घेत असाल तर तिची चिकटपट्टी काउंटरवरच काढा आणि एकेक काडतूस हातात घेऊन पाहा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. मला विकलेल्या पेटीत वरचा थर कारखान्याचा होता. खालचा थर उडवलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि छर्रे कोंबून केलेला होता. पेटी सीलबंद होती, दुकान परवान्याचं होतं, आणि भावही नेहमीपेक्षा चढाच लावला होता. त्यामुळे 'स्वस्तात घ्यायला गेला अन् फसला' हे वाक्य इथं लागू होत नाही.

माझी बंदूक एकनळी, वडिलांच्या काळातली. परवाना पीकसंरक्षणाचा, वडील गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झालेला. वावर जंगलाला लागून आहे, त्यामुळे तुरीला शेंगा धरल्या की रोही (नीलगायी) आणि हरभरा हिरवा झाला की डुकरं, हे ठरलेलं. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन लावून झालं. डुकरं तारेखालची माती उकरून आत येतात. रोह्यांचा कळप तर पऱ्हाटीतून असा चालतो की सकाळी धुऱ्यावरून पाहिलं तर मधोमध रस्ता पडलेला दिसतो. मी जनावर मारत नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि ती मी घेतलेली नाही. रात्री जागलीवर असलो की हवेत एखादा बार काढायचा, आवाजानं कळप फिरतो, एवढंच काम.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती. ऐन शेंगांच्या दिवसांत. निकालानंतर परत मिळाली तेव्हा घरची काडतुसं जुनी, दमट झालेली होती, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी नेहमीच्या दुकानात गेलो. मालक बाहेरगावी होता. गादीवर बसलेल्या माणसानं परवाना उलटून पाहिला आणि म्हणाला, "माल लय तंग हाये भाऊ सध्या. पण तुमच्या बाबूजीपासूनचं गिऱ्हाईक तुम्ही, तुमच्यासाठी एक पेटी ठेवली." त्यानं बिल दिलं, परवान्यावर नोंद केली, शिक्काही मारला. बिलावर पेटीचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्याचा त्या मालाचा क्रमांक, मात्र घातला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आजवर कुणी घातलेला पाहिला नव्हता. पुढं सगळं घोडं इथंच अडलं.

वरच्या थरातली काडतुसं चांगली वाजली. मग एका रात्री वावरातल्या माळ्यावरून बार काढला तर धडाम व्हायच्या ऐवजी 'फुस्स' झालं. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच, आणि नळीच्या तोंडातून पांढरा दाट धूर निघून तिथंच रेंगाळला. सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास आला. कारखान्याच्या काडतुसातली आजकालची दारू इतका धूर करत नाही, असा धूर ठासणीच्या बंदुकीचा.

वडिलांची एक सवय मला लागलेली आहे. बार नीट वाजला नाही तर नळी तशीच आभाळाकडे धरायची, मनात सावकाश शंभर मोजायचे, मगच बंदूक मोडायची, म्हणजे नळी वाकवून मागून उघडायची. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. शंभर मोजून बंदूक मोडली, पुंगळी काढली आणि टॉर्च लावून मागून नळीत पाहिलं. एरवी नळीच्या त्या टोकाला उजेडाचं गोल चांदणं दिसतं. आता काळंकुट्ट. आत काहीतरी अडकलेलं होतं. रोही वावरात तसेच चरत होते आणि खिशात दुसरं काडतूस होतं. ते घालून घोडा ओढला असता तर पुढं नळी बंद आणि मागून पूर्ण दाब, अशा वेळी नळी फुगते नाहीतर फाटते, आणि डावा हात नेमका तिथंच असतो.

दुसऱ्या दिवशी बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक मिस्त्रीकडे गेलो. त्यानं लाकडी दांडक्यानं अडकलेला ऐवज बाहेर ढकलला. छर्ऱ्यांचा गोळा, आणि त्याच्यामागं पुठ्ठ्याची कापलेली चकती. चकतीच्या एका बाजूला पिवळ्या-लाल रंगात अक्षरं. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा तो! कारखान्याच्या काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये मापाचा डाट असतो. तो नळीला घट्ट बसून मागचा वायू अडवतो. कात्रीनं कापलेली चकती काय अडवणार? बाजूनं वायू निसटला, जोर मेला आणि छर्रे अर्ध्या वाटेत बसले.

उरलेली काडतुसं घेऊन गावातल्या काकांकडे गेलो. काका भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी भिंग काढलं आणि एकही काडतूस न फोडता मला सगळं दाखवलं. फोडायचं नाही, ते पुराव्याचं वाटोळं, हे त्यांनी आधीच बजावलं. पितळी बुडाच्या कडेवर ओरखडे होते, म्हणजे ही पुंगळी आधी एकदा बंदुकीत जाऊन आलेली. मधली टोपी, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणारी, बुडाशी सपाट बसलेली नव्हती. एकीची टोपी नखाला लागेल इतकी वर होती. अशी टोपी बंदूक मिटतानाच दबून बार होऊ शकतो, म्हणजे नेम नाही, घोडा नाही, आणि नळी कुठं रोखलेली असेल सांगता येत नाही. तोंडाकडच्या पाकळ्या कारखान्यात मशीननं एकसारख्या दुमडतात आणि मध्ये घट्ट मिटतात. इथं जुन्या घड्यांच्या रेघा वेगळ्या आणि नव्या घड्या वेगळ्या, मधोमध भोक, आणि भोकात मेणबत्तीचं मेण. मग सोनाराच्या काट्यावर वजन केलं. कारखान्याची दोन काडतुसं जवळपास सारखी भरली, ही मात्र एक हलकं तर एक भलतंच जड.

जड काडतुसाची काकांना जास्त भीती. हलकं फुसकं जातं, जडाच्या आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाही माहीत नसतं. काळी दारू आणि आजची बिनधुराची दारू एकाच मापानं भरली तर बंदूक हातातच फुटते. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला स्फोट झाला, कामगार गेले, त्यानंतर काका बरेच दिवस गप्प होते. "जिथं शिकवलेली माणसं आयुष्यभर हेच काम करतात, तिथं हे होतं," म्हणाले, "अन् हा कोण मेणबत्ती घेऊन बसलाय?"

अमेरिकेत शेतकरी घरी बसून बारीक बोरच्या रायफलींची काडतुसं भरतात, असे व्हिडिओ आपल्याकडची पोरं पाहतात. ते लोक दारू ग्रेन या अगदी बारीक वजनाच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, प्रत्येक गोळीसाठी छापील तक्ते वापरतात, आणि त्यांच्याकडे त्याला कायद्यानं मुभा आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्या-विकण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे.

वरुडकडे माझ्या साडूच्या घरी संत्र्याच्या बागेसाठी जुनी पॉइंट टू टू रायफल आहे. त्यांच्याकडे एक फिरता माणूस आला होता, "रिकाम्या पुंगळ्या द्या, नव्यासारख्या भरून आणतो" म्हणत. आगाऊ पैसे नेले आणि घासूनपुसून चकचकीत केलेल्या गोळ्या आणून दिल्या. त्यातल्या कित्येक वाजल्याच नाहीत. ऐकून काका हसले. पॉइंट टू टूच्या गोळीला वेगळी टोपीच नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत पसरलेला असतो आणि ठोका बसला की ती कड चेपते. चेपलेली कड पुन्हा कोण भरणार? त्यानं कुठलातरी जुना, हिरवट गंज चढलेला साठा पॉलिश मारून खपवला होता. साडूंनी तक्रार केली नाही. परवान्यावर नोंद नसलेला माल घेतला म्हणून सांगायला जायचं कोणाकडे?

या धंद्याचं खरं भांडवल ही भीतीच आहे. मी दुकानात परत गेलो तेव्हा तोच माणूस, पण 'बाबूजी' वगैरे काही नाही. "हा माल आमचा नाईच. घरी भरला असन तुम्ही. ठाण्यात जाचं असन तर जा, पन पयले सोताचा परवाना सांभाळा." माझ्याकडे बिल होतं, नोंद होती, पण पेटी हीच, हे सिद्ध करणारा लॉट नंबर नव्हता. त्याला ते पक्कं माहीत होतं.

मी दोन रात्री नीट झोपलो नाही, हे खरं. मग काकांना सोबत घेऊन ठाण्यात लेखी अर्ज दिला. आपण होऊन काडतुसं घेऊन गेलो, बिल आणि परवान्याची प्रत जोडली, मिस्त्रीची चिठ्ठी जोडली, चकतीही दिली. ठाणेदार साहेबांनी आधी मलाच आडवे-उभे प्रश्न विचारले. विचारणारच. पण बिलाची तारीख आणि परवान्यावरची नोंद जुळली तेव्हा पंचनामा केला, काडतुसं जप्त केली आणि अर्जाची पोच दिली. एक प्रत जिल्हादंडाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं टेबल आहे तिथं दिली, कारण दुकानाचा परवाना आणि साठ्याची वही तपासायचा अधिकार तिथून चालतो.

त्यानंतर आठवड्याभरात मालकाचा निरोप आला: अर्ज मागं घ्या, पेटीचे पैसे देतो, वर एक नवी पेटी. पैशाचं म्हणाल तर ती रक्कम तुरीच्या अर्ध्या पोत्याचीही नव्हती. अर्ज मागं घेतलेला नाही. वेगळी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दुकानदाराच्या वकिलानं आतापर्यंत तारखाच मागितल्यात. दुकान चालू आहे. गादीवरचा तो माणूस दिसत नाही, नवा पोरगा बसतो.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात आणखी पेट्या गेल्या असणार, एका पेटीसाठी कोणी एवढी मेहनत करत नाही. तुमच्याकडची उघडून पाहा. टोपी वर आलेली, पाकळ्यांत मेण, बुडावर ओरखडे, यातलं काही दिसलं तर ते काडतूस बंदुकीत घालू नका, फोडू नका, चुलीजवळ ठेवू नका, विहिरीत किंवा नाल्यात टाकू नका. बिल आणि परवाना घेऊन ठाण्यात लेखी देऊन जमा करा, आणि पोचपावतीवर काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका. नवी पेटी घेताना बिलावर लॉट नंबर मागा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.