पुरणयंत्रावर बाळाचं जेवण: सात महिने वापरल्यानंतर

होळीचे दोन दिवस सोडले तर वर्षभर ज्याची कुणाला आठवण होत नाही, ते पुरणयंत्र आमच्या ओट्यावर नोव्हेंबरपासून मुक्काम ठोकून आहे. सात महिन्यांत त्यातून पुरण निघालं फक्त एकदा. बाकी सगळं वरण, भात, लाल भोपळा, गाजर, रताळं, मटार, सफरचंद, पेरू. लेक आता तेरा महिन्यांची आहे. ‘घरात मिक्सर असताना हे कशाला?’ असं आतापर्यंत निदान सहा जणींनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बाळंतपणाची रजा २६ आठवडे. त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले होते. रजा संपली तेव्हा लेक जेमतेम सव्वापाच महिन्यांची, आणि वरचं खाणं सुरू करायचं ते सहा महिने पूर्ण झाल्यावर. साठवलेली रजा जोडून कसंबसं उष्टावण गाठलं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर ओठाला लावली, तिने ती जिभेने बाहेर ढकलली, फोटो झाले, पाहुणे जेवून गेले. पुढच्या सोमवारपासून मला सकाळी सव्वासातला डोंबिवली स्टेशनवर असायचं होतं. त्याआधी दोन डबे, सासऱ्यांचं कमी तिखटाचं जेवण आणि त्यात आता ही चौथी पंगत.

नणंदेने बंगळुरूहून बाळाच्या जेवणाचं विजेवर चालणारं यंत्र पाठवलं होतं. त्यातच वाफवायचं, त्यातच फिरवायचं. दिसायला देखणं, पण वाटीभर गाजराला वीस मिनिटं घ्यायचं आणि डाळ त्यात शिजायचीच नाही. मग डाळीसाठी कुकर लावायचाच, तर गाजराने काय पाप केलंय? लवकरच त्याच्या टाकीत क्षाराचा पांढरा थर बसला आणि ते माळ्यावर गेलं. (ताई वाचत असतील तर: माळा स्वच्छ आहे.)

मिक्सरची तऱ्हा वेगळी. दोन चमचे वरणभात छोट्या भांड्यातसुद्धा उडून कडेला चिकटतो आणि पातं खाली मोकळंच फिरत राहतं. फिरावं म्हणून पाणी घातलं की पातळ होतं. भात जरा जास्त फिरला की त्याची खळ होते, वह्यांना कव्हरं चिकटवावीत अशी. शिवाय पहाटे सहाला मिक्सर लावणं म्हणजे झोपलेलं बाळ आपल्या हाताने उठवणं.

विजेचं यंत्र माळ्यावर ठेवताना मागे सासूबाईंचं पुरणयंत्र हाताला लागलं. पितळी, त्यांच्या लग्नातलं, चांगलं दोन किलोचं. पण आतली कल्हई उडालेली, आणि बिनकल्हईच्या पितळेत टोमॅटोसारखं आंबट काही घालणं बरं नाही. म्हणून भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं घेतलं, साडेसहाशे रुपयांना. तीन पाय, वर लाकडी मुठीचा दांडा, खाली तिरकं पातं आणि तीन जाळ्या: बारीक, मधली, जाड. दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की पातं घास जाळीवर दाबतं, उलटा फिरवला की जाळीवर बसलेला चोथा सुटून वर येतो. यंत्र म्हणून एवढंच. बिघडायला फारसं काही नाहीच त्यात.

तेव्हाचा रोजचा क्रम असा. सहा वाजून दहा मिनिटांनी कुकर. तळाच्या डब्यात तुरीची आणि मुगाची डाळ निम्मी निम्मी, हिंग-हळद घालून, मीठ नाही. मधल्या डब्यात भात. वरच्या डब्यात भोपळा, गाजर किंवा दुधी, मोठ्या फोडी. तीन शिट्ट्या, गॅस बंद, वाफ जिरेपर्यंत पोळ्या. कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या घरात जातं, म्हणून हे तिन्ही एकाच वेळी असं शिजतं की भोपळ्याची फोड चिमटीत धरताच विरघळते. उघडल्यावर आधी लेकीचं बाजूला: एक डाव वरण, एक डाव भात, दोन फोडी. हे यंत्रात. मग उरलेल्या वरणात मीठ, गूळ, फोडणी. उरलेल्या भोपळ्यात दही आणि हिरवी मिरची घातली की भरीत झालं, सासऱ्यांच्या वाट्याचं मिरचीआधी काढून. म्हणजे बाळासाठी वेगळा स्वयंपाक असा नाहीच. एकाच स्वयंपाकातून तिचा वाटा मिठाच्या आधी निघतो. दांडा वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, वरून अर्धा चमचा तूप. तीन मिनिटं लागतात आणि आवाज फक्त स्टीलवर स्टील घासल्याचा, शेजारच्या खोलीत झोप मोडत नाही.

मिक्सरशी तुलना करायची तर खरा फरक सालांचा. मटार मिक्सरमध्ये फिरवले की सालांचे कण त्यातच राहतात आणि बाळाच्या घशाला लागतात. यंत्रात सालं जाळीच्या वर राहतात, खाली नुसता हिरवा गर. रताळ्याचे धागे वर, टोमॅटोच्या बिया वर. पेरूचं तर मला फार अप्रूप वाटलं. पिकलेला पेरू वाफवून बारीक जाळीतून काढला, तर एकही बी खाली आली नाही. सासूबाईंनी ती वाटी हातात घेऊन बोट फिरवून पाहिलं आणि ‘अगंबाई’ म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढी दाद म्हणजे खूप झाली.

दुसरा फरक दाटपणाचा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दूध सोडून वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, आणि पोट मुठीएवढं. डाळीचं वरचं पाणी पाजलं तर पोट भरतं, बाकी काही मिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळता कामा नये. मिक्सरला फिरायला पाणी लागतं, यंत्राला लागत नाही, त्यामुळे हे आपोआप जमतं. उलट पातळ काही घातलं तर ते न फिरवताच धो धो खाली उतरतं. म्हणून आधी पाणी निथळून घ्यायचं, मागाहून हवं तेवढं परत मिसळायचं.

आता माझी चूक. बारीक जाळीतून निघणारं इतकं मऊ आणि लेक ते इतकं बिनतक्रार गिळायची, की आम्ही दुसरी जाळी काढलीच नाही. सहावा, सातवा, आठवा महिना सगळा बारीक जाळीवर. साडेआठ महिन्यांची असताना एका लग्नात कुणीतरी तिला हाताने कुस्करलेला दहीभात भरवला. दोनच शितं अख्खी होती. तिला अशी उबळ आली की सगळं बाहेर आणि माझे हातपाय गार. लसीच्या वेळी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, “घरी कसं देता?” मी कौतुकाने यंत्राचं वर्णन केलं. ते म्हणाले, “यंत्र चांगलं आहे, पण तिचं काम तेच करतंय. दात नसले तरी हिरड्या आहेत ना? नऊ-दहा महिन्यांपर्यंत गाठी खायला शिकली नाही, तर पुढे ताटाभोवती पळवत बसाल.”

घरी येऊन त्याच संध्याकाळी मधली जाळी लावली. पहिले चार दिवस ती प्रत्येक घासाला तोंड वाकडं करायची. पाचव्या दिवशी भोपळ्याची गाठ तोंडात घोळवून गिळली आणि स्वतःच चकित झाल्यासारखी बघत बसली. दोन आठवड्यांनी जाड जाळी. म्हणून घेणाऱ्यांना माझं मुख्य सांगणं हे: तीन जाळ्या आहेत त्या बाळाच्या वयाच्या आहेत असं समजा. सहाव्या महिन्यात बारीक, सातवा संपता संपता मधली, आठव्या-नवव्यात जाड, आणि त्यानंतर यंत्र बाजूला. मिक्सरमध्ये हा चढ मिळत नाही, तिथे एक तर अख्खं नाही तर पेस्ट. पण जाळी बदलायची आठवण यंत्र करून देत नाही.

यावर सासूबाईंनी ‘मी तेच सांगत होते’ असं म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा म्हणत होता. “आम्ही दोघांना बोटांनी कुस्करून भरवलं,” एवढंच म्हणाल्या. ते खरंच आहे. बोटांना घास केवढा मऊ करायचा ते रोज नव्याने कळतं. मिठावरून मात्र आमची जुंपली. “बिनमिठाचं तुला तरी जाईल का गं घशाखाली?” मी म्हटलं, “आई, तिने मीठ चाखलेलंच नाही, तिला उणीव कशी कळेल?” वर्षभर मीठ नाही, साखर-गूळ तर दोन वर्षं नको आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, एवढं डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच वदवून घेतलं. त्यांनी मधाचं लगेच मान्य केलं. मिठाचं मी ऑफिसात असताना काय झालं, ते मी विचारलेलं नाही.

तक्रारी आहेत, त्या सांगते. पहिली, अगदी थोड्या ऐवजाला हे यंत्र निरुपयोगी. सुरुवातीला बाळ खातं दोन चमचे, आणि पात्याखाली अडकून बसतात तेवढेच दोन चमचे. निदान अर्धी वाटी घातल्याशिवाय फिरवण्यात अर्थ नाही. पहिले दहा-बारा दिवस मी पुरणयंत्र न वापरता चहाच्या गाळणीवर चमच्याने घासून काढत होते, तेच सोपं.

दुसरी, धुणं. लगेच धुतलं तर दोन मिनिटं. स्टेशन गाठायच्या घाईत सिंकमध्ये ठेवून गेलात, तर संध्याकाळी जाळीच्या प्रत्येक भोकात वाळलेली डाळ. बारीक जाळीला शंभरावर भोकं असतील. त्यासाठी मी जुना नाही, नवा टूथब्रश ठेवलाय, आणि तो कुणी दात घासायला घेऊ नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलाय. सकाळी वेळ नसेल तर निदान पाण्यात बुडवून जा.

तिसरी तक्रार गंभीर. भांडं, जाळ्या, पातं स्टीलचं, पण दांड्याखालची स्प्रिंग मात्र कसल्या तरी हलक्या लोखंडाची. तिसऱ्या महिन्यात तिच्यावर तांबूस डाग दिसले. होळीपुरतं वर्षातून एकदा वापरणाऱ्याला ते कधी कळलंही नसतं. दुकानदाराने दहा रुपयांत स्टीलची स्प्रिंग बदलून दिली, पण बाळाच्या घासावर गंज पडायच्या आत माझं लक्ष गेलं हे नशीब. घेताना स्प्रिंगला चुंबक लावून बघा असं आधी मी सगळ्यांना सांगत होते, पण काही स्टीलनाही चुंबक चिकटतं, त्यामुळे ती परीक्षा पक्की नाही. रात्रभर ओली ठेवून सकाळी बघणं जास्त खात्रीचं.

पालक त्यात धड निघत नाही. देठांचे दोरे पात्याला गुंडाळतात, त्याआधी बारीक चिरून घ्यावा लागतो. नाचणीची पेज, खिमट यांना याची गरजच नाही, ती पिठातूनच मऊ येतात. आणि मासे यातून काढू नका. बारीक काटा जाळीतून उभा उतरू शकतो. तिथे शेवटी बोटांनी चाचपणंच खरं.

बाळाच्या निमित्ताने आलेलं यंत्र मोठ्यांच्या स्वयंपाकातही घुसलं, हा नफा मी धरलाच नव्हता. टोमॅटोचं सार मी आधी गाळत नव्हते, आता चार टोमॅटो कुकरच्या वरच्या डब्यात वाफवायचे, जाड जाळीतून फिरवायचे, सालं वर. पावभाजीचा बटाटा मिक्सरमध्ये चिकट होतो, यातून भुरभुरीत पडतो. लेकीचं उरलेलं भोपळ्याचं-गाजराचं आम्ही शिळं म्हणून टाकत नाही. हात न लावलेलं असेल तर थालीपिठाच्या भाजणीत जातं. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवायचा प्रयोगही केला होता, पण ‘बाळाला शिळं?’ या एका प्रश्नापुढे तो टिकला नाही.

होळीला लेक दहा महिन्यांची होती. त्या दिवशी यंत्राने आपलं खरं काम केलं. हरभऱ्याची डाळ शिजली, कट निथळला, गूळ पडायच्या आत सासूबाईंनी मूठभर डाळ बाजूला काढली. मी सवयीने यंत्र पुढे ओढलं. “राहू दे,” म्हणत त्यांनी ती डाळ थाळीत तुपाबरोबर बोटांनी दाबली, अर्धवटच, आणि थाळी तिच्यापुढे सरकवली. लेकीने एकेक दाणा चिमटीत पकडायचा प्रयत्न केला, निम्मे जमिनीवर गेले, उरलेले खाल्ले. उबळ नाही, काही नाही. इकडे मी किलोभर पुरण फिरवत होते, हात भरून आला होता. त्या दिवसानंतर तिचं जेवण यंत्रातून काढलेलं नाही.

पाचपैकी चार. अर्धा गुण स्प्रिंगचा कापला, अर्धा धुण्याचा. ज्यांच्या घरी चांगलं पितळी यंत्र असेल त्यांनी नवं घ्यायची गरज नाही, आधी कल्हईवाला शोधा. बारीक जाळी सध्या डब्यात बंद आहे, जाड जाळी यंत्रात आहे, आणि मधली खेळण्यांच्या टोपलीत. लेक तिच्यातून एका डोळ्याने आमच्याकडे बघते. लागली तर तिच्याकडून मागून घ्यावी लागते, आणि ती सहजासहजी देत नाही.