पीआर की जपानी पासपोर्ट?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत दोन मराठी घरं जेवायला जमली की भाताच्या आधी हा विषय निघतोच. व्हिसा रिन्यू करून करून कंटाळा आलेला असतो. मग पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना काढायचा, की सरळ पासपोर्टच बदलायचा?

2024 अखेर जपानमध्ये सुमारे 37.7 लाख परदेशी राहत होते, त्यांतले 9 लाखांवर पीआरवाले. नागरिकत्व मात्र वर्षाला 8-9 हजारांनाच मिळतं. आपल्यासाठी अडचण उघड आहे: दोन पासपोर्ट जपानला चालत नाहीत, भारतालाही नाहीत.

पीआरला साधारण 10 वर्षांचा मुक्काम लागतो, त्यातली 5 नोकरीच्या व्हिसावर. शिक्षण, पगार, वय यांना गुण देणाऱ्या पॉइंट सिस्टिममध्ये 80 गुण जमले तर एका वर्षातही अर्ज करता येतो. गंमत म्हणजे नागरिकत्वाच्या कायद्यात 5 वर्षंच लिहिली आहेत. पण सरकारचा कल नियम आवळण्याकडे आहे, तेव्हा मित्राच्या अनुभवावर न जाता होमुक्योकुत, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज घेणाऱ्या सरकारी कार्यालयात, स्वतः विचारा. तिथे फी नाही. कागद मात्र ढीगभर. आईवडिलांच्या लग्नापासूनचे दाखले जपानीत भाषांतर करून द्यायचे, आणि नागरिक का व्हायचंय ते जपानीत, स्वतःच्या हाताने लिहायचं.

पीआरचा खरा फायदा घर घेताना कळतो. बहुतेक बँका गृहकर्जासाठी तो मागतातच. पण पीआर म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती, हा समज सोडा. 2024च्या कायदादुरुस्तीनुसार कर किंवा पेन्शनचे हप्ते जाणूनबुजून थकवले तर तो काढून घेता येईल. शिवाय घरी आई आजारी पडली आणि री-एंट्री परमिट न काढता निघालात, तर वर्षाच्या आत परतावं लागतं. नाहीतर पीआर गेला. परमिट आधी काढलं तर 5 वर्षांपर्यंत सवलत. नागरिकाला ही धाकधूक नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या ओसीआय कार्डावर तो पुण्यात हवं तितकं राहू शकतो, फक्त तिथे मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

आता नाव. पीआरमध्ये हा प्रश्नच नाही, कार्डावर पासपोर्टचंच नाव. दवाखान्यात नर्स माझं, नवऱ्याचं आणि कुलकर्णी अशी अख्खी मालगाडी वाचते, ‘कुरुकारुनी’पर्यंत येता येता धाप लागते बिचारीला. नागरिक झालात की तुम्ही कोसेकीत, म्हणजे कुटुंबाच्या नोंदवहीत जाता. तिथे आडनाव आणि नाव असे दोनच रकाने. मधलं नाव एकतर चिकटवा नाहीतर सोडा. दोघंही नागरिक झालात तर नवराबायकोचं आडनावही एकच हवं, त्यामुळे माहेरचं आडनाव लावणाऱ्या बाईला इथे थांबून विचार करावा लागतो.

मताचा अधिकार हवा असेल तर पीआरचा उपयोग शून्य. पुण्याशी नातं असलेले योगेंद्र पुराणिक 2012 मध्ये जपानी नागरिक झाले आणि 2019 मध्ये याच एदोगावातून वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. पीआरवर ते उमेदवारही होऊ शकले नसते.

आणि आपलेपणा? जपानी न्याय मंत्रालयाच्या 2017 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास 40 टक्क्यांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. पासपोर्ट बदलला की हे थांबेल असं वाटत असेल तर होक्काइदोतल्या ओतारू शहराचं प्रकरण बघा. तिथल्या एका सार्वजनिक स्नानगृहाने अमेरिकेत जन्मलेल्या आरुदोउ देबितो यांना परदेशी म्हणून अडवलं. 2000 मध्ये ते नागरिक होऊन पुन्हा गेले, तर जपानी आहात हे मान्य, पण दिसत नाही, म्हणून पुन्हा बाहेर. कोर्टात ते जिंकले, भरपाईही मिळाली. पण दारातल्या माणसाने कागदावरून नाही, तोंडावरून ठरवलं होतं.

म्हणून माझं मत: कायम इथेच राहायचं, निवडणुकीत बोलायचं आणि गावाकडे शेत घेण्याचा बेत नाही, तर नागरिकत्व घ्या. आईवडिलांचं अजून काही ठरलेलं नसेल, तर पीआर.

आम्ही पीआरवर थांबलो. लेक इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे. 18ची झाली की तिला स्वतः अर्ज करता येईल. मधल्या नावाचं काय करायचं ते तेव्हा तीच ठरवेल.