वाचाघातानंतर समूहगायन: आठ महिन्यांचा अनुभव

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळे, पण हवा तो शब्द ओठांवर येत नसे; पाणी मागायचे असले तरी ‘ते... ते...’ एवढेच निघे. गेले आठ महिने आम्ही त्यांना दर शनिवारी वाचाघात झालेल्यांच्या गायनगटात नेत आहोत.

पहिल्याच दिवशी गणपतीची आरती सुरू झाली आणि बाबांनी दोन कडवी शब्द न अडखळता म्हटली. आई टाळ्या वाजवायची थांबली. वाचा परत आली असेच आम्हाला वाटले. परतताना रिक्षात त्यांना घराचा पत्ता विचारला, तर पुन्हा ‘ते... ते...’. ती निराशा फार जड होती, म्हणून इतरांना आधीच सांगतो. वाक्य नव्याने जुळवण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालते, तर आरत्या, पाढे, वारांची नावे यांसारखे पाठ झालेले शब्द पुष्कळदा त्या जुळवाजुळवीवाचूनच बाहेर पडतात. आरती आली म्हणून बोलणे येईल, असे नसते.

खरा उपयोग झाला तो शेवटच्या अर्ध्या तासाचा. अमेरिकेत १९७३ च्या सुमारास मांडल्या गेलेल्या एका पद्धतीनुसार रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत बसवतात, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरतात आणि मग सूर हळूहळू काढून घेतात. ‘चहा’ खालच्या सुरात, ‘हवा’ वरच्या. पाचव्या महिन्यात एका सकाळी बाबांनी ओट्याच्या कडेवर बोटे आपटत, जवळजवळ साध्या बोलण्यात, ‘चहा हवा’ म्हटले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. पेटीवाले रंगात आले की लय वाढते आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे तेच मागे पडतात. दोन शनिवार बाबा गप्प बसून राहिले. आम्ही बोलल्यावर लय उतरली, तरी हे संचालकांच्याच ध्यानात यायला हवे होते. वाचोपचारतज्ज्ञांकडचे आठवड्यातले दोन दिवस आम्ही सोडलेले नाहीत आणि कोणी सोडूही नयेत.

पूर्वी पाहुणे आले की बाबा आतल्या खोलीत जात. गटात त्यांचा शब्द दुसरे कोणी पुरा करत नाही, सगळे थांबतात. आता ते बाहेरच्या खोलीत बसून राहतात. सध्या ‘इथे थांबवा’ चालू आहे. ‘इथे’ सुटे येते, ‘थांबवा’ला अजून ठेका लागतो.