सिम्युलेटरवर खाणीतला लोडर: चार दिवस, 12,500 रुपये

बारा वर्षं झाली, जालन्याजवळ खडी क्रशरवर लोडर चालवतोय. मेव्हणा उदयपूरकडं जस्ताच्या खाणीत आहे. तो म्हणाला, "दाजी, आता वर खुर्चीत बसून खालची मशीन चालवतेत. शिकून घ्या." म्हणून वाळूजला एका ट्रेनिंग सेंटरात गेलो. तिथं सिम्युलेटरवर, म्हणजे खुर्ची, जॉयस्टिक आणि स्क्रीनच्या नकली केबिनमध्ये शिकवतात.

खाणीतल्या लोडरला, म्हणजे एलएचडीला, स्टिअरिंगचं चाक नसतं. जॉयस्टिक ढकलली की गाडी कमरेत वाकून वळते. बोगद्यात फिरवायला जागा नाही, म्हणून माल भरला की तसंच रिव्हर्समध्ये निघायचं. खऱ्या केबिनमध्ये ड्रायव्हर त्यासाठीच आडवा बसतो. इथं रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर मागचा कॅमेरा येतो आणि डोकं गरगरतं. पहिल्या दिवशी मी 17 वेळा भिंतीला घासलो. कॉम्प्युटर मोजतो, छापून हातात देतो, लाज नाही ठेवत.

ढिगात बकेट घुसवली की जरा उचलायची, मग पुढच्या चाकांवर वजन येतं आणि टायर जागच्या जागी फिरत नाही. क्रशरवर हे बुडाला आणि कानाला कळतं. इथली खुर्ची नुसती ठोकळा. स्पीकरचा आवाज वाढवून घेतला तेव्हा कुठं जमलं.

पण पैसे वसूल झाले ते तिसऱ्या दिवशी. मी विचारलं म्हणून सरांनी सिग्नलचा उशीर चालू केला: हात आत्ता हलवला, मशीन अर्ध्या सेकंदानं हलणार. पुन्हा भिंत! मग लहानपणची बैलगाडी आठवली. कासरा आधी ओढायचा, बैल आपल्या सवडीनं वळतो. तसं केल्यावर फेरी बिनघासता झाली. सिग्नल तुटला तर मशीन जागीच उभी राहते, तेही दाखवलं. ब्लास्टनंतर गॅस निघेपर्यंत माणसाला खाली सोडत नाहीत, तेवढ्या वेळात माल निघावा म्हणून ही सगळी उठाठेव.

जाहिरातीत 20 तास, माझ्या वाट्याला आले 11. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, दोन तास नुसते बसून काढले, भरूनही दिले नाहीत. स्क्रीन सगळी इंग्रजीत. सर मात्र हाडाचे ऑपरेटर, दहादा विचारलं तरी वैतागत नाहीत.

ज्यानं कधी लोडर हाकलाच नाही त्यानं आधी जमिनीवरच्या लोडरवर शिकावं, मग इथं यावं. पहिल्याच दिवशी उशीर चालू करायला लावा. आणि डबा घरून न्या, कँटीनच्या शेवभाजीत शेव हुडकावी लागते.